थोरलीची कुंडी

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच आहे, जीभही आहे तशीच आहे. तुझा खोकला थांबला असेल असं धरते. रविवारी फोनवर "थांबला" म्हणालीस आणि लगेच खोकललीस, म्हणून विचारलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोन आईच्या पलंगाशी आहे आणि तिचे कान तिच्या गुडघ्यांपेक्षा पुष्कळ तरणे आहेत. शिवाय रविवारच्या त्या पाच मिनिटांत आपण तिघी मिळून "बरं" हा शब्द किती वेळा म्हणतो ते एकदा मोजायला हवं. मोजमाप तुझ्या खात्याचं काम.

मोठी बातमी तुला ठाऊकच आहे. घरमालकांना घर हवंय, महिनाअखेर सोडायचं. आई आमच्याकडे येणार, तिसऱ्या मजल्यावर. तिची खोली तयार आहे. प्रश्न खोलीचा नाही, कुंड्यांचा आहे. नवऱ्याने आमची गॅलरी टेपने मोजली आणि आठ कुंड्या बसतील असं जाहीर केलं. आईच्या अंगणात त्रेचाळीस आहेत. ती त्याला म्हणाली, "जावईबापू, ती टेप एकदा थोरलीकडून तपासून घ्या. तिने भल्याभल्या दुकानदारांचे काटे पकडलेत." तो बिचारा पुन्हा मोजायला गेला. आठच.

रोज दुकान सुटलं की मी आवराआवर करायला तिकडे जाते. दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या आणि संध्याकाळी आईचे डबे उघडायचे. अंड्यांच्या टरफलांचा डबा, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याचा डबा, बुटांच्या तुटक्या नाड्यांचा डबा. टोमॅटोची रोपं तिने बाबांच्या मोज्यांच्या पट्ट्यांनी काठीला बांधलीत, सुतळी देठाला काचते म्हणून. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, मोजे अजून कामावर आहेत.

खिडकीतला दोऱ्यांचा डबा मात्र उघडला आणि मी तशीच बसून राहिले. आठवतो? गणवेशांच्या कारखान्यातून ती रोज ओच्यात दोऱ्यांचे तुकडे घेऊन यायची आणि जेवण झालं की कात्री घेऊन बसायची. सगळे बोटभर. त्याहून लांब एकही नाही. मग ते कुंपणाच्या तारेवर अडकवायचे, चिमण्यांनी घरट्यांना न्यावेत म्हणून. मी सहा वर्षांची असेन, विचारलं, एवढे बारीक कशाला कापतेस. तिने एक लांब दोरा माझ्या करंगळीभोवती गुंडाळला आणि हलकेच ओढला. टोक पांढरं पडलं. "पिल्लाचा पाय याच्याहून बारीक असतो," म्हणाली, आणि सोडवून टाकला. त्या वर्षी आपल्या पागोळीखालच्या घरट्यात तुझ्या शाळेच्या स्कर्टचा निळा रंग होता.

आपल्या घरातून बाहेर काही जायचंच नाही. कचरा न्यायला येणारे काका आईला विचारायचे, "बाई, तुम्ही इथे राहता ना नक्की?" सालं खड्ड्यात, कपडे धुतलेलं पाणी केळीला, पालापाचोळ्याचा ढीग मागच्या भिंतीशी. त्या ढिगात कुणाकुणाचं घर असतं, म्हणून तो वर्षातून एकदाच उपसायचा. चीर गेलेल्या बशीत पाखरांसाठी पाणी, आणि पाण्यात मधोमध एक दगड, मधमाशीला उतरायला. माझ्या दुकानातल्या काचेच्या भुकटीचा तेवढा उपयोग तिला अजून सापडलेला नाही. ते तिला लागून राहिलंय.

आणि फुटक्या भांड्यांचा नियम. हल्ली मी तो दुकानातल्या मुलींना सांगते तेव्हा त्यांना खरा वाटत नाही. ज्याने फोडलं त्याने तुकडे गोळा करायचे, नव्या कुंडीच्या तळाशी रचायचे, म्हणजे पाणी निथळतं. वर माती घालून काहीतरी लावायचं. कुंडीत गेलं की विषय संपला. मग कुणी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि त्या रोपाला पहिलं फूल किंवा फळ आलं की ते ज्याची वस्तू फुटली त्याला नेऊन द्यायचं. बाबांच्या एकट्यांच्या अकरा कुंड्या होत्या. आयुष्यभर एवढी मोठी बस कुठे न घासता चालवली, पण कपबशी हातात टिकली नाही. आई म्हणायची, यांनी अजून थोडी धांदल केली असती तर आपली बाग झाली असती.

तर आठ कुंड्या. आईने सात निवडल्या, त्यावर वाद नाही. मोगरा, कोरफड, तुझ्या-माझ्या भांडणातल्या काचेच्या पेल्यावरचा तो गुलाब, अशा. लिंबाचं झाड मोठं, ते न्यायचं नाही हे तिने स्वतःच ठरवलं. शेजारचे औषधवाले त्याला आपल्या परसात लावून घेतील. आठवी कुंडी कोणती, म्हणून विचारलं, तर तिने काठीने पायरीच्या कडेला दाखवलं.

थोरलीची कुंडी.

मी म्हटलं, आई, ती रिकामी आहे. तर म्हणाली, "मला डोळे आहेत."

अगदी रिकामी नाही म्हणा. ती आडवी पडलेली असते आणि तिच्यात एक बेडूक राहतो. आधी त्याचा बाप राहायचा, त्याच्याआधी आजोबा असावा. आई त्याला भाडेकरू म्हणते. त्याला काठीने हुसकून कुंडी धुऊन घेऊ का, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मालक मला काढतोय, म्हणून मी त्याला काढू?" शेवटी असं ठरलं की औषधवाल्यांकडे ओलसर जागी दुसरी कुंडी पुरायची, तो तिकडे गेला की मगच ही उचलायची. बेडकाच्या सवडीने आमचं सामान हलणार.

मी तिला पुष्कळ समजावलं. आठांत एक रिकामी नेण्यात काय अर्थ आहे, त्याऐवजी जास्वंद ने. ऐकत नाही. थोरलीची कुंडी येणार नसेल तर मीही येत नाही, म्हणते. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला उचलून तर नेता येत नाही.

तू येशील का? एका दिवसासाठी. तू येतेस तेव्हा पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसतेस, चहा घेतेस आणि जातेस. अंगणात तू किती वर्षांत पाऊल टाकलं नाहीस हे आईला तारखेनिशी माहीत असेल, मला नुसतं माहीत आहे. त्या निळ्या काठाच्या भांड्याचा विषय मी काढत नाही. तुला नको असतो आणि मलाही तो जमत नाही. एवढंच म्हणते की तू येऊन ती कुंडी नको म्हटलंस, तर आई बहुधा ऐकेल.

लिंबांचा पहिला तोडा पाठवलाय. तिकडे कोपऱ्यावर लिंबं मिळतात हे मी आईला याही वर्षी सांगितलं. तिने याही वर्षी ऐकलं नाही.

तुझी,
बारकी

१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. "कुंडी माझी नाही. मी काही फोडलं नव्हतं, पस्तीस वर्षं तेच सांगतेय. आईला जपून ने. लिंबं पाठवू नका." मी ते आईला दाखवलं नाही. ताईला रजा मिळत नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

नमस्कार लिहायचा राहिला. नमस्कार.

या आठवड्यात आम्ही कुंड्या उपड्या करतोय. ज्या द्यायच्या त्यांतली झाडं औषधवाल्यांकडे, शाळेकडे, खालच्या गल्लीतल्या शिंप्याकडे चालली आहेत. माती पोत्यांत भरतो. आणि तळाचे तुकडे आईने सांगितल्याप्रमाणे चाळणीत धुऊन वर्तमानपत्रावर मांडतो. ताई, तू हे पाहायला हवं होतंस. आपलं सगळं घर वर आलं. बाबांच्या त्या लाल ठिपक्यांच्या कपांचे चार कान, म्हणजे चारही कप त्यांनीच फोडले हे सिद्ध झालं. माझी शाळेतली दौत. तू फेकून मारलेली आणि मला न लागलेली साबणाची डिश. आईचाही एक तुकडा निघाला, बाबांचा दाढीचा आरसा. तो तिने फोडला होता आणि वर झेंडू लावला होता. पहिलं झेंडूचं फूल खिशाला लावून बाबा बसवर गेले होते, आणि दिवसभर उतारू त्यांना कसला समारंभ आहे म्हणून विचारत होते. आम्ही दोघं नवरा-बायको ओळखाओळखीचा खेळ खेळावा तसे बसलो होतो. आई दारातल्या खुर्चीवरून उत्तरं तपासत होती.

काल आई औषधवाल्यांकडे गुडघ्याची पट्टी आणायला गेली होती. आम्ही लिंबाची कुंडी काढली. तिला कुंडी म्हणायचं इतकंच, अर्धं पिंप आहे. दर तीन-चार वर्षांनी आई त्याची माती बदलायची, पण एकटी बदलायची, आपल्याला कुणाला कधी हात लावू दिला नाही. मला नेहमी वाटायचं, काट्यांमुळे. नवऱ्याने झाड आडवं केलं, मुळांचा गड्डा बाहेर ओढला, आणि मी तळाशी हात घातला.

निळा काठ होता.

नवऱ्याला काही कळलं नाही. त्याला मी चहा ठेवायला आत पाठवलं.

आता मला ते लिहायचं आहे जे मी तुला पस्तीस वर्षं लिहिलं नाही. काल मी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा दोऱ्यांच्या डब्याबद्दल लिहीत सुटले. सरळ लिहिते. आईचं भांडं मी फोडलं होतं.

तू सतरा वर्षांची होतीस, मी अकराची. वसतिगृहाच्या अर्जावरून तुझं आणि आईचं भांडण झालं, तिने सही करायला नकार दिला. आणि तू तिच्या आईकडून आलेल्या त्या एकुलत्या एका भांड्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "मलाही तसंच कपाटात ठेवायचंय तुला. एक दिवस फोडून टाकीन ते." ते सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटी होते. उन्हाळा होता, पाखरांची बशी तासाभरात आटायची. मी कपाट उघडलं आणि भांड्याच्या पोटावर मला केसासारखी बारीक चीर दिसली. आपल्या घरात चीर गेलेलं काय होतं? पाखरांचं होतं. मला खरंच असं वाटलं, ताई. मला वाटलं, आईला ते दिसलेलं नाही, मी तिला दाखवीन आणि ती मला शाबासकी देईल. आणि एवढ्या मोठ्या भांड्यात कावळेसुद्धा आंघोळ करतील. मी ते हौदाशी नेलं, काठोकाठ भरलं आणि दोन्ही कानांना धरून उचललं. एक कान माझ्या हातात राहिला.

बाकीचं मी पाचोळ्याच्या ढिगात खोल खुपसलं. तिथे वर्षभर कुणी हात घालत नाही हे मला माहीत होतं.

मग आई आली, कपाट उघडं, भांडं नाही. तिने तुला विचारलं. मला कुणी विचारलंच नाही, आणि त्या आडोशाला मी तेव्हा बसले ती बसलेच. तू नाही म्हणालीस. तिने पायरीपाशी नवी कुंडी आणून ठेवली आणि म्हणाली, "तुकडे आण, लाव, विषय संपव." तू म्हणालीस, जे मी फोडलं नाही ते मी लावणार नाही. तिला फोडल्याचा राग नव्हता. तू तुकडे घराबाहेर फेकलेस असं तिला वाटलं, आणि आपल्या घरात तेवढं एकच कुणी केलं नव्हतं. बाबा मधे पडले, म्हणाले, "अगं, माझ्या हातून फुटलं." आई म्हणाली, "तुकडे दाखवा." बाबांकडे तुकडे कुठून येणार. जेवताना मला हसू आलं होतं आणि लगेच रडू आलं होतं, आणि तू टेबलाखालून माझा हात धरला होतास. तुला वाटलं, मी तुमच्या भांडणाला घाबरले.

पंधरा दिवस तुम्ही दोघी बोलला नाहीत. मग बाबांनी गुपचूप अर्जावर सही केली आणि तू गेलीस. सुट्टीत यायचीस ती पाहुण्यासारखी. मी रोज ठरवायची की आज सांगेन. नंतर दर महिन्याला ठरवायची. मग मोठी झाले आणि मला वाटायला लागलं की एका भांड्यापायी कुणी घर सोडत नाही, तुझी काहीतरी वेगळी कारणं असतील. हे मानणं फार सोयीचं होतं. तू काटे तपासायच्या नोकरीत लागलीस तेव्हा बाबा म्हणाले, "हिला खोटं वजन सहन होत नाही," आणि मी पाणी प्यायला उठून गेले.

तू रागावशील, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण एक गोष्ट मला काल दुपारपासून उलगडत नाहीये. मी ते ढिगात लपवलं होतं. मग ते लिंबाखाली कसं आलं? रचलेलं होतं ते, टाकलेलं नव्हतं. तुकडे पालथे, एकावर एक, आई रचते तसे.

तिला माहीत होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही.

उद्या मी तिला विचारणार. पण हे पत्र आधी टाकणार, तिच्याशी बोलायच्या आधी. नाहीतर तिने मला माफ केलं तर मी पुन्हा तुला काही लिहिणार नाही. माझी मला खात्री नाही.

सोबत डबीत, कापसात गुंडाळलेला, भांड्याचा कान आहे. तो ढिगात टाकायचा राहिला, मग ठेवायला जागा सापडेना. शाळेचा कंपास, मग लग्नाची पेटी, मग दुकानातला माझा खण. कडा मी एका दुपारी यंत्रावर घासून बोथट केल्या, कुणाला लागू नये म्हणून. तू म्हणायचीस, पुराव्याशिवाय बोलू नये. हा घे.

बारकी

२० मार्च

प्रिय ताई,

या रविवारी तुझा फोन आला नाही. आई दहा वाजल्यापासून फोनकडे तोंड करून बसली होती. बारा वाजता म्हणाली, "वाचत असेल." म्हणजे तुला कळलं असेल की तिला मी सगळं सांगितलं.

तुझा राग मला कळतो, म्हणून लवकर उत्तर दे असं लिहीत नाही. पण तिचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोहोचवायला हवं. ती स्वतः लिहिणार नाही. तिची बोटं आता पेनवर वळत नाहीत, आणि वळली असती तरी तिने लिहिलं असतं की नाही कोण जाणे.

संध्याकाळ होती. ती दारात बसून मटार सोलत होती, सालं एका बाजूला खड्ड्यासाठी. मी चाळणी तिच्यासमोर ठेवली, धुतलेले तुकडे त्यात. काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, ते विसरले. तिने हात पुसले, चष्मा चढवला आणि तुकडे एकेक करून मोजले. मग म्हणाली, "चौदा. एक कान नाही."

मी म्हटलं, कान ताईकडे पाठवला.

तिने मान हलवली, जणू मी तिला भाजी कुठून आणली ते सांगितलं होतं. मग पुन्हा मटार सोलायला लागली, आणि सोलता सोलता बोलली. तू जाऊन चार महिने झाले होते. वर्षाचा ढीग उपसायला तिने फावडं घातलं आणि निळा काठ वर आला. आधी तिला वाटलं, तू पुरलंस. मग तुकड्यांबरोबर माझी केसांची क्लिप निघाली, पिवळी, बदकाची. ती हरवली म्हणून मी दोन दिवस रडले होते, ताई. तू मला तुझी दिली होतीस.

मी तिला विचारलं, मग मला का नाही बोललीस.

"तू अकरा वर्षांची होतीस," ती म्हणाली. "आणि मी आज तू आहेस तेवढी होते. कुणी मोठं असायला हवं होतं, तर ते मी."

त्याच आठवड्यात ती तुझ्या वसतिगृहावर गेली होती. मला हे माहीत नव्हतं, तुला आठवतं का बघ. कामावरून अर्धी रजा काढून गेली. तू जिन्यावर भेटलीस, हातात वही, परीक्षा होती. का गं आलीस, सगळं ठीक ना, असं विचारलंस. तिने सांगितलं, सहज आले. तुला मोज्यांचा एक जोड दिला आणि आली. परतताना बसस्टॉपजवळच्या माळ्याकडून तिने लिंबाचं रोप घेतलं.

मी म्हटलं, पण आई, नियम तर फोडणाऱ्याने लावायचा आहे. भांडं मी फोडलं होतं.

तिने शेंग हातात तशीच धरली. "भांडं तुझ्या हातून गेलं," म्हणाली. "थोरली माझ्या हातून गेली. मग कुंडी कुणी लावायची?"

आणि पहिलं फळ ज्याचं त्याला. तुला नोकरी लागली त्या वर्षी झाडाला पहिल्यांदा लिंबं धरली, सात का आठ. तिने ती वर्तमानपत्रात गुंडाळून तुला पाठवली. तेव्हापासून दर वर्षीचा पहिला तोडा तुझा. तू लिहायचीस, इथे मिळतात, आणि मी तिला ते वाचून दाखवायची. ती म्हणायची, मिळत असतील. मी तुला हसून सांगायची, म्हातारी हट्टी आहे. आपण दोघी तिला हसलो आहोत, ताई, सव्वीस-सत्तावीस वर्षं.

मग मला ती रिकामी कुंडी आठवली आणि खरं सांगते, राग आला. मी तिला म्हटलं, एवढं सगळं कळलं होतं, तर मग ती पायरीपाशी कशाला ठेवलीस? ताई येते तेव्हा तिला ती दारातून दिसते, म्हणून तर ती अंगणात येत नाही. तू ती कधीच उचलून टाकायला हवी होतीस. एवढं मी तिला आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तिला माझं बोलणं समजलंच नाही, असा चेहरा झाला. मग समजलं. हातातली शेंग तिने खाली ठेवली. ती म्हणाली, "अगं, ह्या घरात सगळ्यांच्या कुंड्या भरलेल्या. यांच्या, तुझ्या, माझ्या. तिच्याही छोट्यामोठ्या. पण ही एक रिकामी, कारण ह्यातलं तिने काही फोडलं नव्हतं. मी ती कुणाला भरू दिली नाही."

नंतर हळूच विचारलं, "तिला ते उलटं वाटलं का?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार. ती अंगणाकडे बघत होती. भाडेकरू तेवढ्यात बाहेर येऊन कुंडीच्या तोंडाशी बसला होता, एखाद्या घरमालकासारखा. आई म्हणाली, "बोलायला हवं होतं. कुंडीला कुठे तोंड असतं."

एवढंच सांगायचं होतं. बाकी बातमी अशी की भाडेकरू परवा औषधवाल्यांकडे गेला, आपणहून, पावलं मोजत. त्यांच्या नातीने सबंध वाटभर त्याच्यापुढे ओलं फडकं टाकलं. लिंबही तिकडे लागलं, दोन दिवस मान टाकून होतं, आज ताठ आहे. काल आई आमच्याकडे आली. ट्रकमध्ये पुढे बसली, मांडीवर कुंडी. ती मागे ठेवायला द्यायला तयार नव्हती. ट्रकवाला म्हणाला, आजी, यात काय आहे? ती म्हणाली, काही नाही. आणि जपून धरली.

ती आता आमच्या गॅलरीत कठड्याशी आहे, उभी, धुतलेली, रिकामी. तुझ्या खुर्चीला जागा सुटेल अशी ठेवली आहे. तिच्यात कुणी काही लावणार नाही.

तिच्या शेजारी नववी आहे. नवऱ्याने चपलांचं कपाट घरात घेतलं, तेव्हा जागा झाली. ती माझी. चौदा तुकडे मी तळाशी रचलेत, आईने काठीने दाखवले तसे, पालथे. तुझ्या झाडाच्या बीचं एक रोप ओंजळीएवढ्या मातीत तयार ठेवलंय, रोज ओलं करते. माती भरलेली नाही. पंधरावा तुकडा तुझ्याकडे आहे आणि तो आल्याशिवाय मी कुंडी भरणार नाही. टपालाने पाठवलास तरी चालेल, पाठवलाच नाहीस तरी मी वाट बघेन, मला त्याचा सराव व्हायला हवा. पण आणून दिलास तर आईला जिना उतरून खाली यायचंय. गुडघा परवानगी देतो की नाही, हे तिने विचारलेलं नाही.

आणि कुंडीत गेलं की विषय संपला, हा नियम मी माझ्यापुरता मोडते. माती घातल्यावरही तू विचारशील तेव्हा, विचारशील तितक्या वेळा, मी सांगेन.

पहिलं फळ कुणाला द्यायचं ते आता पक्कं आहे. तोवर तुझा खोकला जाऊ दे.

भांडं जिने फोडलं ती,
तुझी बारकी